पुलाशी डावीकडे

मी भूगोल शिकवते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं वाचल्यावर तुम्ही ते विचारणारच. आमच्या स्टाफरूममध्ये ते विचारून, हसून, पुन्हा विचारून झालेलं आहे. गेली बावीस वर्षं मी पोरांना सांगत आले की उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला उत्तर आणि उजव्या हाताला दक्षिण. पोरं हात पसरून उभी राहतात, एकमेकांच्या डोळ्यांत बोटं घालतात, तास संपतो. सूर्य दिसत नसला तर काय करायचं, हे आजवर एकाही पोराने विचारलेलं नाही. मलाही कधी सुचलं नाही.

तर, भीमाशंकर. नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, चालत भीमाशंकरला जायचं होतं. सासूबाई लग्नाआधी एकदा खालून, कोकणच्या अंगाने घाट चढून गेल्या होत्या आणि ती गोष्ट त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती की शेवटी शेवटी त्या चढून गेल्या की आम्ही, असा प्रश्न पडायचा. सासूबाई गेल्याला आता तीन वर्षं झाली. वन्सं अठ्ठावन्नच्या. गुडघे बरे आहेत, पण उंचीची भीती भयंकर. आमच्या डोंबिवलीच्या गच्चीवर वाळवण घालायला आल्या तरी कठड्यापासून चार हात लांब बसतात. श्रावणात यात्रेकरूंची गर्दी असते म्हणून नको, म्हणून गणपती गेल्यानंतरचा सप्टेंबरातला एक रविवार ठरला. मी, वन्सं आणि त्यांचा मुलगा, माझा भाचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या ह्यांनी ‘मी एसटीने येऊन वर भेटतो’ असं म्हणून शेवटी तेही केलं नाही.

ज्यांनी ही वाट केलेली आहे त्यांना माहीत असेल, कर्जत तालुक्यातल्या खांडस गावातून भीमाशंकरला दोन वाटा चढतात. एक शिडी घाट. जवळचा, सरळ उभा, आणि नावाप्रमाणे कड्याला लावलेल्या शिड्यांचा. दुसरा गणेश घाट. लांबचा, पदरगड नावाच्या किल्ल्याला वळसा घालून जाणारा, पण पायाखाली जमीन असलेला. दोन्ही वाटा मधल्या सपाटीवर, पदरवाडीच्या आसपास एकत्र येतात आणि तिथून पुढे जंगलातून एकच वाट वर जाते. आम्हाला अर्थात गणेश घाटाने जायचं होतं. शिडी हा शब्दच वन्संसमोर काढायचा नाही, असं मी आणि भाच्याने ठरवलं होतं.

ह्यांच्या ऑफिसात एक काका आहेत. त्यांच्या टेबलावर काचेखाली किल्ल्यांचे फोटो असतात आणि सह्याद्रीबद्दल कोणी काही विचारलं की त्यांचा चहा थंड होतो. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाट लिहून पाठवली. जशीच्या तशी देते:

‘खांडसपासून डांबरी रस्ता, २ किमी. पूल लागेल. पुलाशी डावीकडे. पुढे गणपतीचं देऊळ. मग चढ सुरू. पदरवाडीत चहा मिळतो. त्यानंतर दाट जंगल, वाट सोडायची नाही. वर तळं दिसलं की आलंच. शिड्या नाहीत.’

मोबाइलची बॅटरी संपेल म्हणून मी हे सगळं वहीच्या कागदावर उतरवून घेतलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. ‘पुलाशी डावीकडे’च्या खाली लाल पेनाने रेघ मारली. शिक्षिकेची सवय. महत्त्वाचं असेल ते अधोरेखित करायचं.

पहिली कर्जत लोकल, स्टेशनबाहेर वडे, कशेळ्यावरून खांडसपर्यंत टमटम. त्याचं वर्णन करत नाही, कारण तोवर सगळं बरोबर चाललं होतं. आभाळ भरलेलं होतं, समोरचा डोंगर पोटाच्या वर ढगात. भाच्याने गंमत म्हणून मोबाइलवर नकाशा लावला. कावळा उडाला तर पंधरा मिनिटांत पोचेल अशा ठिकाणी जायला नकाशा आम्हाला खोपोली, लोणावळा, चाकण, राजगुरुनगर असा दीडशे किलोमीटरच्या वरचा वळसा घालून न्यायला निघाला होता. ‘याला घाट कळत नाही,’ मी म्हटलं, ‘आपल्याकडे कागद आहे.’

पूल आला. रस्ता खरोखरच दोन्हीकडे फुटत होता. तिथे लोखंडी खांबावर एक पाटीही होती, पण तिच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता. भाऊ हात जोडून हसत होते, खाली चौदा शुभेच्छुक. मी कागद काढला, लाल रेघ बघितली आणि आम्ही डावीकडे वळलो.

दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. बांधावर तेरडा फुललेला, मध्ये मध्ये चार घरं. एका अंगणात एक बाई भांडी घासत होत्या. त्यांना विचारलं, ‘मावशी, भीमाशंकरची वाट हीच ना?’

‘हीच की. जावा सरळ.’

पुढे गुरं घेऊन निघालेला एक माणूस भेटला, त्यालाही तेच विचारलं. त्यानेही तेच सांगितलं. आता मला सांगा, दोन स्थानिक माणसं आणि एक लिखित पुरावा. आणखी काय हवं?

देऊळ मात्र येईना. डांबर संपलं, बैलगाडीची चाकोरी लागली, तीही संपली. वन्संनी आज फुलांची पिशवी आणली होती, गॅलरीतल्या जास्वंदी आणि घरच्या गणपतीच्या वेळच्या उरलेल्या, जरा पिवळ्या पडलेल्या दूर्वा. वाटेतल्या गणपतीला वाहायच्या म्हणून. शेवटी एका मोठ्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड दिसला. तीन-चार फूट उंच, शेजारी मातीची दोन घोडी, एक फुटका दिवा.

‘देऊळ म्हणजे हेच असेल,’ मी म्हणाले. ‘गावाकडे असंच असतं.’

वन्संनी दूर्वा वाहिल्या, अथर्वशीर्षाच्या पहिल्या चार ओळी म्हटल्या. भाच्याने फोटो काढला. तो देव वाघोबा होता, हे आम्हाला तीन तासांनी कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणी दूर्वा वाहिल्या असतील. त्याने राग धरला नाही, एवढंच म्हणते.

पुढे झाडी दाटत गेली आणि वाट ओढ्यातून मोठमोठ्या धोंड्यांवरून वर चढायला लागली. पाण्याचा आवाज वाढला. समोरून एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा उड्या मारत उतरत आला. भाचा पुढे होता, त्याने त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, ‘काय रे, पुढे शिड्या आहेत का?’

मुलाचा चेहरा उजळला. ‘हायेत ना! लोखंडाच्या! चांगल्या मजबूत हायेत!’ म्हणजे आम्हाला शिड्या हव्याच आहेत आणि आमची निराशा होऊ नये, अशा थाटात तो सांगत होता.

आता इथे कोणीही शहाणा माणूस मागे फिरला असता. आम्ही तिघं उभे राहिलो आणि कागद पुन्हा वाचला. कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, ‘शिड्या नाहीत.’

‘काका गेले तेव्हा नसतील,’ भाचा म्हणाला. ‘नंतर बसवल्या असतील.’

आणि मी, समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटतात तिथे कडा असतो हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवणारी बाई, मान डोलावून म्हणाले, ‘हो, सोयीसाठी बसवल्या असतील.’ कागद बरोबर होता. डोंगर चुकला होता.

पहिली शिडी आम्ही चढलो. हे मला अजून खरं वाटत नाही. एका अंगाला ओला कातळ, त्यावरून झिरपणारं पाणी, दुसऱ्या अंगाला काही नाही. वन्संना आम्ही मध्ये घेतलं होतं. त्या डोळे मिटून चढल्या, प्रत्येक दांड्याला ‘शंकरा’ म्हणत. वर पोचल्यावर त्यांनी डोळे उघडले. समोर अरुंद जागा, वळणापलीकडे दुसरी शिडी, आणि खाली आपण जिथून आलो ती झाडांची डोकी. झाडांची डोकी वरून दिसणं हे त्यांच्या बाबतीत वाईट झालं. त्या कातळाला पाठ लावून खाली बसल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘वहिनी, तुम्ही दोघं जा. मी इथेच राहीन.’

‘इथेच म्हणजे किती वेळ?’

‘बघू.’

पाऊण तास आम्ही तिथे बसलो. मध्ये एक सर येऊन गेली. राजगिऱ्याचे लाडू खाल्ले. भाचा चिडून मोबाइल डोक्यावर धरून रेंज शोधत होता. वन्संनी मला सासूबाईंची घाट चढल्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, ‘आईच्या गोष्टीत शिडी कधीच नव्हती.’ आम्ही चुकलोय हे मला कळलं ते या वाक्याने. काकांच्या कागदाने नाही, की त्या मुलाच्या उत्तराने नाही.

वरून एक म्हातारे गृहस्थ उतरत आले. पायात प्लॅस्टिकच्या चपला, डोक्यावर इरलं वाटावं असं घेतलेलं पोतं. शिडी ते तोंड बाहेरच्या बाजूला करून उतरले, आपण जिना उतरतो तसे. आम्हाला बघून थांबले.

‘का बसलाव?’

मी सगळं सांगितलं. गणेश घाटाने जायचंय, काकांनी वाट सांगितलीय, कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही.

‘गणपती घाट? त्यो पार तिकडं. गडाच्या त्या अंगाला. ह्यो शिडीचा.’

‘पण खाली दोघांना विचारलं. ते म्हणाले, भीमाशंकरची वाट हीच.’

‘मंग हीच हाय की. ही बी शंकरालाच जाती.’

बरोबर होतं त्यांचं. मी भीमाशंकर विचारलं, लोकांनी भीमाशंकर सांगितलं. गणपती घाट कोणता, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर लिहिलं तर मी शेरा देते, ‘प्रश्न नीट वाचा.’ इथे प्रश्नच नीट लिहिलेला नव्हता.

उतरताना त्यांनी वन्संना म्हटलं, ‘आजी, तोंड भितीकडं करा, खाली बघू नका, पाय मी ठिवतो.’ वन्सं त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. ‘आजी’ ऐकल्यावर त्यांना जो राग आला, त्या रागाच्या भरात त्या अर्धी शिडी उतरल्या. उरलेल्या अर्ध्या शिडीवर त्या आजोबांनी खालून एकेक करून त्यांचा पाय धरून दांड्यावर ठेवला. खाली आल्यावर त्यांनी आधी बिडी आहे का विचारलं, मग लाडवावर समाधान मानलं. आणि वाट सांगितली. शब्दन् शब्द लक्षात आहे.

‘पुलावर जावा माघारी. डांबरीनं जावा. देऊळ लागंल, बांधलेलं देऊळ. तितनं गड धरा आन् गडाला फिरा. गड सोडू नका. गड पाठी पडला की वाडी.’

यात डावं नाही, उजवं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. नंतर खूप विचार केला. नद्यांच्या बाबतीत आम्ही भूगोलवाल्यांनी हा घोळ कधीच मिटवून टाकला आहे. नदी वाहते त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, मग जो डावा हात तो डावा तीर. तुम्ही कुठूनही या, कुठल्याही काठावर उभे राहा, डावा तीर तो डावाच. धरणाचा डावा कालवा म्हणतात तो याच हिशेबाने. वाटेला मात्र प्रवाह नसतो. वाट दोन्हीकडे वाहते. त्या आजोबांनी म्हणूनच गड धरला. गड कुठेही तोंड करून उभा राहिला तरी गडच.

पुलाशी परत आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. भाच्याने काठीने भाऊंच्या फ्लेक्सचा कोपरा उचलला. खाली पाटी होती. गणेश घाट, आणि पांढऱ्या रंगाचा मोठा बाण, उजवीकडे. वन्सं काही बोलल्या नाहीत. मला त्यांनी बोलायला हवं होतं.

मग गणपतीचं देऊळ आलं. खरंखुरं, बांधलेलं. फुलं संपली होती, वन्संनी नुसतेच हात जोडले. त्यानंतरचा गणेश घाट लांबलचक आहे, पण कोणाला घाबरवत नाही. आम्ही गड धरला. ढग वर सरकला की पदरगडाचे सुळके दिसायचे, ढग उतरला की नुसता काळा आकार उरायचा. मी दर पाच मिनिटांनी वर बघून तो आहे ना याची खात्री करून घेत होते, यात्रेत मुलाचा हात धरतात तसं. गड पाठी पडला तेव्हा सव्वाचार झाले होते आणि वाडी आली.

चहा मिळाला. तेवढं काकांचं बरोबर. चहावाल्या बाईंना विचारलं, वर पोचायला किती वेळ लागेल? त्यांनी आमच्याकडे एकदा आपादमस्तक बघितलं, वन्संकडे दोनदा. ‘घटकाभरात जाल,’ म्हणाल्या. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. मी भाच्याला हिशेब सांगितला. तो म्हणाला, ‘मामी, प्लीज.’ रात्री वाडीतच राहू द्या असं विचारायला हवं होतं, हे आज कळतंय. तेव्हा वन्संच म्हणाल्या, चला. शिडी नाही ना? नाही. मग चला.

वरचं जंगल हे अभयारण्य आहे, १९८५ पासून, आणि ते शेकरूसाठी प्रसिद्ध आहे, आपला राज्यप्राणी. उजेड होता तोवर एका झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचं मोठं घरटं दिसलं, शेकरू काही दिसलं नाही. साडेसहाला अंधारून आलं. जंगलात अंधार वरून पडत नाही, खालून, झाडांच्या बुंध्यांतून वर चढतो. वाट पावसाच्या पाण्याने धुतलेली, दगड बुळबुळीत. तीन माणसांत दोन मोबाइल, त्यातला माझा अकरा टक्क्यांवर. बिबट्याचा विषय कोणी काढला नाही म्हणजे तो तिघांच्याही मनात होता.

एका वळणावर वाट फुटल्यासारखी वाटली. भाचा म्हणाला, बॅटरी वाचवू, एक मिनिट बंद करतो, डोळे सरावले की बघू कुठे मोकळं दिसतंय. त्याने उजेड बंद केला. आधी काहीच नाही. मग माझ्या डावीकडे, किंवा आता मी काय सांगू, उताराच्या बाजूला, जमिनीवर फिकट हिरवट काहीतरी दिसायला लागलं. मला वाटलं, कोणाचा तरी मोबाइल पडलाय. पण ते एका जागी नव्हतं. एक आख्खा पडलेला ओंडका, त्याच्या भेगा, शेजारच्या काटक्या, कुजलेली पानं, सगळं मंद उजळलेलं, घड्याळाच्या रेडियमच्या काट्यांसारखं. भीमाशंकरचं जंगल पावसाळ्यात असं चमकतं हे मी वाचलेलं होतं. ओल्या, कुजणाऱ्या लाकडावर एक बुरशी वाढते, तिचा हा उजेड.

वन्संनी हात जोडले. मी तोंड उघडलं, ‘बुरशी आहे ती’ म्हणायला, आणि भाच्याने अंधारात अचूक माझ्या बरगडीत कोपर मारलं. आम्ही तिथे किती वेळ उभे होतो माहीत नाही. घटकाभर असू.

वाट शेवटी कानांनी सापडली. वर कुठेतरी जनरेटर चालू होता. त्या आवाजाकडे तोंड ठेवून, चढ सोडायचा नाही असं ठरवून आम्ही चाललो. झाडी संपली, धुकं सुरू झालं. काकांनी लिहिलं होतं, ‘तळं दिसलं की आलंच.’ तळं दिसलं नाही. भाचा पुढे होता, त्याचा गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात गेला आणि तो ओरडला, ‘मामी, आलंच!’

पावणेआठ. पुण्याची शेवटची एसटी कधीच गेली होती. एका घरगुती खोलीत जागा मिळाली, पिठलं-भाकरी मिळाली, तीन गोधड्या मिळाल्या ज्यांना धुराचा वास होता. ह्यांना फोन लावला. ‘पोचलात ना? मग झालं तर,’ म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे बरंच महाग पडलं, पण तो विषय वेगळा.

सकाळी दर्शन झालं. देवळापुढची मोठी घंटा बघितली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथून आणलेल्या घंटांपैकी ही, असं सांगतात. मग नागफणीच्या कड्यावर गेलो. वन्संनी ‘तुम्ही या बघून’ म्हटलं आणि त्या मागे एका दगडाला टेकून बसल्या. धुकं पाच-सात मिनिटांसाठी फाटलं. खाली पदराची सपाटी, तिच्यापुढे पदरगड, आणि पार खाली कोकणातली भातशेती, हिरव्या रंगाचे तुकडे. आपण उभे आहोत त्या धारेच्या पश्चिमेला पडलेला थेंब अरबी समुद्राला जातो. पूर्वेला पडलेला भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागराला. हे मी दरवर्षी शिकवते. तिथे उभी राहून मात्र मी गडाच्या दोन अंगांकडे बघत होते. या अंगाला शिडी घाट, त्या अंगाला गणेश घाट, मध्ये गड. फळ्यावर काढल्यासारखं.

परतीच्या एसटीत तिकिटाच्या पाठीवर आकृती काढली. इंग्रजी वाय अक्षर आडवं केलं. खालची दांडी म्हणजे खांडस, वरची दोन टोकं म्हणजे दोन घाट. मग त्या वायवरून मी बोट उलटं फिरवलं. गणेश घाटाकडून खाली आलं, पुलाशी पोचलं, आणि खांडसला जायला वळलं. डावीकडे.

काका ही वाट उतरले होते! चढले कधीच नव्हते. वरून एसटीने येऊन, दर्शन घेऊन, गणेश घाटाने खाली खांडसला. आम्हाला चढायचं आहे हे ऐकून त्यांनी आपला उतार मनातल्या मनात उलटा करून लिहिला. देऊळ आधी, वाडी नंतर, जंगल त्यानंतर, तळं शेवटी. सगळं उलटं केलं. फक्त एक वळण सुलटंच राहिलं.

घरी आल्यावर फोन केला. मी रागावलेली होते, पण त्यांनी ‘काय वहिनी, झालं का दर्शन?’ असं इतक्या आनंदाने विचारलं की राग कुठून सुरू करावा कळेना. आकृती समजावून सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता. ते बहुधा हवेत बोट फिरवत होते.

‘अरेच्चा,’ म्हणाले. ‘पूल राहिला.’

मी म्हटलं, राहिला.

‘पण वहिनी, ती शिडी चढलात की तुम्ही! सोपी नाही हो ती.’

वन्संनाही आता तोच सूर सापडला आहे. सोसायटीत त्यांनी ‘आम्ही शिडी घाटाने गेलो’ असं सांगायला सुरुवात केली आहे. एकच शिडी, तीही परत उतरलो, हे त्या सांगत नाहीत, आणि मी मध्ये बोलत नाही. सासूबाईंच्या गोष्टीतही असंच काही गाळलेलं असेल का, असा विचार परवा भाकरी थापताना मनात येऊन गेला.

मी काकांचा मेसेज दुरुस्त करून, ‘डावीकडे’ खोडून ‘उजवीकडे’ करून, खाली ‘खांडसकडून चढताना’ असं लिहून त्यांना परत पाठवला. वर हेही लिहिलं की पुढे कोणाला पाठवाल तर हाच पाठवा. त्यांचा अंगठा आला. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

काल भाचा आला होता. त्याच्या कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपचं दिवाळीच्या सुट्टीत भीमाशंकर ठरतंय. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ग्रुपवर कोणीतरी वाट टाकली होती, वर बारीक अक्षरांत ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं. खांडसपासून डांबरी रस्ता, २ किमी. पूल लागेल. पुलाशी डावीकडे.

खाली सतरा जणांचे अंगठे होते.